लायल टॉफ्टचा शेवटचा डबा

कोल्डवॉटरच्या खोऱ्यात कुणी गेलं की पहिला फोन जातो पाद्रीबाबांना, दुसरा चर्चच्या स्वयंपाकघरातल्या बायकांना, आणि गेलेला माणूस शिकारी असला तर तिसरा आर्लिस स्टेनरुडला. पाद्रीबाबा आत्म्याचं बघतात, बायका जेवणाचं बघतात, आणि आर्लिस काडतुसांचं बघते.

इथे दुकानातून काडतुसं आणणारे थोडेच. झाडलेली पितळी पुंगळी जपून ठेवायची, हिवाळ्यात तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, बंदुकीची दारू मोजून ओतायची, वर गोळी दाबायची आणि पुंगळीचं तोंड गोळीवर आत मुडपून टाकायचं. ज्याने भरलं त्यानेच झाडायचं, हा इथला कायदा. कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला कुणी पाहिला नाही. सूट एकच, जिवंत बाप आपल्या पोरांना भरून देऊ शकतो. रायफल झाडताना गाल लाकडाला टेकलेला असतो आणि डोळा बारापासून वीतभर लांब. तिथे दुसऱ्याच्या हातावर कोण हवाला ठेवणार? माणूस शेजाऱ्याला ट्रॅक्टर देईल, वेळ आली तर रक्त देईल, पण आपल्या हातचं काडतूस देणार नाही. आणि दिलंच, तर शेजारी घेणार नाही.

त्यामुळे मेलेल्या माणसाची काडतुसं बेवारस होतात. मग आर्लिस आपला पोकळ डोक्याचा हातोडा घेऊन त्या घरी जाते. काडतूस हातोड्यात अडकवायचं आणि ओंडक्यावर हाणायचं. दोनचार दणक्यांत गोळी सुटते आणि दारू हातोड्याच्या पोटात सांडते. दुपारभर ठोकाठोक चालते. जमलेली दारू ती त्याच घराच्या अंगणात, गवतावर उधळून टाकते. खत म्हणून ती झकास. पुढच्या वसंतात गवताचा तेवढा पट्टा गर्द हिरवा उठतो आणि रस्त्याने जाणारे म्हणतात, "आर्लिस येऊन गेली वाटतं इथे."

बाई सत्तरी ओलांडलेली, उंच, हाडकुळी, आणि आवाज असा की कुंपणाच्या पलीकडची गाय मान वर करते. स्वतःबद्दल शंका हा प्रकार तिला ठाऊक नाही. चर्चच्या तळघरात ती वर्षानुवर्षं शिकारीचा वर्ग घेत आली आहे. खोऱ्यातला प्रत्येक शिकारी तिच्या हाताखालून गेलाय आणि प्रत्येकाने तिच्या शिव्या खाल्ल्या आहेत. पहिल्या दिवशी ती पोरांना रांगेत उभं करायची. "मागच्याने पुढच्याच्या पाठीला तळहात लावा. आता शेवटच्याने धक्का द्या." रांग हलायची, पोरं खिदळायची. मग ती प्रत्येकाच्या हातात टोक केलेली पेन्सिल द्यायची. "आता तळहाताच्या जागी हे टोक लावा. आणि द्या धक्का." कुणी देत नसे.

"समजलं? दांडा खालीवर करून भरायच्या लिव्हरच्या रायफलीत, नळीखालच्या दुसऱ्या नळीत, काडतुसं अशीच रांगेत असतात. पुढच्याच्या टिकलीला मागच्याचं नाक. म्हणून लिव्हरवाल्याने गोळी चपट्या नाकाचीच घ्यायची. टोकदार घातली आणि बाराचा धक्का बसला, की ते टोक पुढच्या टिकलीत घुसणार आणि नळीतच बार होणार. मग माझ्याकडे रडत येऊ नका. रडायला तोंड उरलं तर ना!"

लिव्हरच्या रायफलीचं वेड खोऱ्यात दोघांनाच पुरतं लागलेलं होतं. एक आर्लिस, दुसरा लायल टॉफ्ट. बाकीचे केव्हाच लांब पल्ल्याच्या नव्या रायफलींकडे वळले. हे दोघं मात्र आपापल्या आजोबांच्या रायफली घेऊन बसलेले आणि आयुष्यभर भांडत आलेले. लायलला जड गोळी हवी, हिला हलकी. लायल पुंगळीचं तोंड इतकं घट्ट मुडपायचा की आर्लिस म्हणायची, "अरे, गोळी आहे ती, पळून जाणारी नवरी नाही." तो म्हणायचा, "तुझी गोळी नळीतल्या स्प्रिंगच्या दाबाने पुंगळीत बुडेल, तेव्हा बघू."

एकदा कड्यावर तिची काडतुसं संपली. समोर एल्क हरीण, घोड्याएवढा नर, शिंगं झाडाच्या फांद्यांसारखी, आणि लायलच्या खिशात तिच्याच मापाची काडतुसं. लायलची रायफल त्या दिवशी घरी होती, तो नुसता सोबतीला आलेला. त्याने एक काडतूस दिलं नाही, तिने मागितलं नाही. दोघं दगडावर बसून तो नर ओढ्यात पाणी पिऊन निवांत निघून जाताना बघत राहिले. नंतर लायल म्हणाला, "छान होता." आर्लिस म्हणाली, "होता." त्या गोष्टीचा दोघांनाही उभ्या जन्मात पस्तावा झाला नाही.

असा हा लायल मार्च महिन्यात गेला. पाद्रीबाबांना फोन गेला, बायकांना गेला, आर्लिसला आला नाही. ती वाट बघत राहिली. मग कळलं की लायलची पोरगी मारेन शेडला कुलूप लावून बसलीय. "बाबांच्या काडतुसांच्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही." मारेन शाळेची बस चालवते, चाळिशीला आलेली, बापासारखीच रुंद खांद्यांची आणि बापाहून हट्टी. आर्लिस गसला, म्हणजे नवऱ्याला, म्हणाली, "राहू दे. पोरीला थोडा वेळ हवाय." गस चकित झाला. आर्लिसने कुणाला वेळ दिल्याचं त्याच्या पाहण्यात नव्हतं.

जूनमध्ये ती चेरीचं सारण भरून भाजलेली पाई घेऊन टॉफ्टांकडे जाऊन आली. लायलची बायको इव्हॉन ओसरीत बसलेली. बोलताबोलता आर्लिसचं लक्ष अंगणाकडे गेलं. ओसरीपासून पंपापर्यंत गवत गुडघाभर, नुसतं काळसर हिरवं, आणि बाकी सगळं अंगण आपलं फिकट. घरी आल्यावर तिने गसला सांगितलं, "इव्हॉनची सांडपाण्याची टाकी फुटलीय. सांगायला हवं कुणीतरी." गस म्हणाला, "पाई खाताना नको सांगूस म्हणजे झालं."

ऑक्टोबरात, एल्कचा हंगाम सुरू व्हायच्या आठवड्यात, मारेन दुपारची बस सोडून आर्लिसच्या दारी आली. स्वयंपाकघरात न बसता उभीच राहिली.

"डेलबर्ट हवाय," ती म्हणाली. डेलबर्ट म्हणजे गसचं खेचर. "शनिवारी वर जाते. बाबांच्या कड्यावर."

"ने की. त्यालाही जरा हवापालट. फक्त गोड बोलू नकोस त्याच्याशी, गसच्या शिव्यांची सवय आहे त्याला, गोड बोललं की बिचकतो. काडतुसं कुठली नेतेस?"

मारेनने खिडकीबाहेर बघितलं. "बाबांची."

गसने आपला कॉफीचा कप उचलला आणि अंगणात निघून गेला. संसाराचा एवढा अनुभव त्याला होता.

"मग डेलबर्टला ताप आलाय," आर्लिस म्हणाली.

"काहीतरीच! आत्ता तर गवत खात होता."

"खेचरांचा ताप तसाच असतो."

"आर्लिस, थट्टा करू नकोस. तो डबा बाबांनी शेवटच्या हिवाळ्यात भरलाय. मुद्दाम माझ्या रायफलीसाठी. वर पट्टी चिकटवलीय, नेहमीसारखी. ती पट्टी आम्ही कड्यावरच कापतो, हंगामाच्या पहिल्या सकाळी. मी लहान असल्यापासून. या वर्षीही कापणार."

"काप. पट्टी काप, बाबांच्या नावाने घोटभर कॉफी ओत, चार अश्रू ढाळ. आणि मग डबा घेऊन माझ्याकडे ये. ती काडतुसं बंदुकीत जाणार नाहीत."

"का नाही? बाबांचं एक तरी काडतूस कधी चुकलेलं पाहिलंस?"

"नाही."

"मग?"

"मग काय? तू माझ्याच वर्गात बसली होतीस ना, की पेन्सिली चघळत होतीस? लायल पिस्तुलाची काडतुसंही भरायचा. पिस्तुलाची दारू तिखट. रायफलीच्या मापाने ती पडली तर बंदूक तुझ्या तोंडावर फुटेल. आणि एखाद्यात पडलीच नाही, तर नुसत्या टिकलीच्या जोरावर गोळी नळीत अडकेल. तुला वाटेल फुसका गेला. लिव्हर मारशील, दुसरी झाडशील, आणि रायफल फुटेल तोंडावरच. डोळे जातील, मारेन. शाळेची बस आंधळ्या बाईला देत नाहीत."

"बाबांच्या हातून असं होणार नाही."

"कुठल्या बाबांच्या? आधीच्या की शेवटच्या हिवाळ्यातल्या?"

त्याचा अर्थ दोघींनाही ठाऊक होता. मागच्या शरदात लायल मेंढ्यांच्या फाटकापाशी गाडी उभी करून अख्खी सकाळ बसून राहिला होता. घरी कुठल्या रस्त्याने जायचं ते त्याला आठवेना. मुलाने, म्हणजे डगने, त्या दिवशी त्याच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली. मारेन भावाच्या अंगावर धावून गेली. बाबा थकले होते, बाबांना काही झालेलं नाही, तुला त्यांना म्हातारं करायची घाई झालीय. ते भांडण इतकं पेटलं की दफनाच्या दिवशीही बहीणभाऊ शवपेटीच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि तेव्हापासून बोललेले नाहीत.

"तुला डोळ्यांची पर्वा नाही," आर्लिस म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "तुला भीती वाटतेय की मी हातोडा मारेन आणि एखादं चुकलेलं निघेल."

"हो! वाटते!" मारेन ओरडलीच. "एक जरी चुकलेलं निघालं ना, तर डग खरा आणि मी खोटी. आणि बाबा… तुला सांगू, आर्लिस, त्यांचं डोकं शाबूत होतं. रोज संध्याकाळी शेडमध्ये बसायचे. आईला स्वयंपाकघरात काडतुसं दाबायच्या प्रेसच्या दांड्याची करकर ऐकू यायची, ती म्हणायची, लायल टेबलावर आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. डोकं गेलेला माणूस असा कामाला बसतो? अंगणाची काळजी घेतो? त्या शरदात, किल्ली गेल्यानंतरसुद्धा, रोज कॉफीचा डबा घेऊन गवताला खत घालत फिरायचे!"

आर्लिस टेबलाला टेकली होती, ती सरळ झाली. "काय घालत फिरायचा?"

"खत. मला काय माहीत. करडे बारीक दाणे."

"ओसरीपासून पंपापर्यंत?"

"हो. तिथेच. का?"

आर्लिसने कपाळावर हात मारून घेतला. "मी एक नंबरची गाढव आहे!"

अंगणातून गसचा आवाज आला. "डेलबर्टला सांगू का? नातेवाईक भेटल्याचा आनंद होईल त्याला."

"गप रे! टाकी फुटलीय म्हणत होते मी! सांडपाण्याची टाकी!" ती मारेनकडे वळली आणि तिचे दोन्ही खांदे धरले. "डबा गाडीत आहे ना तुझ्या? आण. आत्ताच्या आत्ता उघडायचा."

"पट्टी कड्यावर—"

"कड्यावर कापलीस तर काय होईल सांगू? समोर एल्क येईल, चाप ओढशील आणि टक्. दुसरं घालशील, टक्. अख्खा डबा संपेल आणि तो नर तुझ्याकडे बघून हसत निघून जाईल. त्या डब्यात चिमूटभर दारू निघाली ना, तर डेलबर्ट घेऊन जा, तीच काडतुसं झाड, मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. बोल."

आर्लिस स्टेनरुड गप्प बसायची पैज लावतेय, हे ऐकून मारेन गाडीकडे गेली.

डबा दोघींच्या मध्ये, आर्लिसच्या टेबलावर ठेवला गेला. टेबल शेडमध्ये, खिडकीपाशी. त्यावर एका वेळी दारूचा एकच डबा, हा आर्लिसचा नियम, आणि त्या वेळी तोही नव्हता. लायलची पट्टी नीट, दोन्ही टोकं दुमडलेली, म्हणजे सोडवताना नख लागावं. मारेनने बापाचाच चाकू काढला. ती कापत असताना आर्लिसने मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं.

लायल काडतुसं डब्यात नाक खाली, बूड वर अशी ठेवायचा. झाकण उघडताच सगळ्या टिकल्या एकदम दिसल्या. प्रत्येक टिकलीच्या मधोमध, बार झाल्यावर उरते तशी, एक खळगी होती.

मारेन शिकाऱ्याची पोर. तिला सांगावं लागलं नाही. "ही… ही झाडलेली आहेत."

"टिकल्या जुन्याच. प्रेसमधली टिकली पाडायची सुई त्याने काढून ठेवली असणार. पुंगळी नवी केल्यासारखी दाबली, जुनी टिकली तशीच ठेवली आणि वर गोळी बसवली." आर्लिसने एक काडतूस उचलून कानापाशी हलवलं. काही वाजलं नाही. तिने ते हातोड्यात अडकवलं आणि ओंडक्यावर हाणलं. गोळी सुटली. हातोड्याच्या पोटात काही नव्हतं. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. दाणा म्हणून नाही.

"गवतावर फिरत होता तो," आर्लिस म्हणाली. "आपली सगळी दारू स्वतःच्या हाताने गवताला घातली त्याने, रोज थोडी थोडी, कुणाला संशय येऊ नये म्हणून. हे काम माझं असतं गं. मेल्यानंतरचं. त्याने जिवंतपणीच उरकलं. किल्ली डगने काढून घेतली, पण दारू त्याची त्यानेच काढून घेतली."

"पण मग रोज शेडमध्ये काय करायचे?"

"हेच. प्रेसचा दांडा वाजवायचा. तुझी आई ऐकत होती ना स्वयंपाकघरात. करकर थांबली असती तर तिला कळलं असतं. म्हणून अख्खा हिवाळा बसून त्याने अशी काडतुसं भरली, की ज्यांनी चिमणीही मरणार नाही."

मारेन स्टुलावर बसली आणि रडू लागली, मोठ्याने, लहान पोरीसारखी. आर्लिसलाही रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. मरेपर्यंत हा माणूस मुडपण्यावरून वाद घालत राहिला आणि एवढी गोष्ट मात्र एकट्याने पचवली, याचा तिला रागही आला. एका कुंपणाचं अंतर होतं. येऊन सांगता आलं असतं मेल्याला. तिने बाहीला नाक पुसलं आणि उरलेली काडतुसं एकेक करून टेबलावर मांडायला घेतली.

पहिल्या ओळी लायलच्याच. लांबी एकसारखी, तोंडं घट्ट मुडपलेली, नवरी पळणार नाही अशी. मधल्या ओळीत एकदोन जरा तिरकी. शेवटच्या ओळीत हात चळलेला स्पष्ट दिसत होता. कुठे तोंड अर्धंच मुडपलेलं, कुठे पितळेला चीर. आणि अगदी कोपऱ्यातलं काडतूस तिने उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

त्याची गोळी टोकदार होती. पेन्सिलीसारखी.

क्षणभर तिच्या मनात आलं, मुठीत लपवावी आणि एप्रनच्या खिशात टाकावी. पोरगी रडतेय, तिला दिसणार नाही. पण तसं करणारी बाई दुसरी कुणीतरी असती. तिने ते काडतूस मारेनच्या समोर ठेवलं.

मारेनचं रडू थांबलं. ती त्या टोकाकडे बघत राहिली. "ही डगच्या रायफलीची गोळी आहे. बाबा त्यालाही भरून द्यायचे, शिकवताना. आमचे डबे शेजारी असायचे फळीवर."

"हं."

"लिव्हरच्या रायफलीत टोकदार. माझ्या. बाबांनी." तिने त्या टोकावर बोट टेकवलं. "डग बरोबर होता."

"होता," आर्लिस म्हणाली. तिला गोड गोड बोलता येत नव्हतं आणि आता शिकायचं वय नव्हतं. "डोकं निसटत चाललं होतं लायलचं. पण तू काय म्हणत होतीस? बाबांच्या हातून मला धोका होणार नाही. झाला? आपला हात हे टोक कधीतरी तुझ्या डब्यात ठेवून देणार, हे त्याला आधीच कळलं होतं. म्हणून त्याने आधी विस्तव काढून घेतला आणि मग चुका करत बसला. मारेन, मी आयुष्यभर लोकांना सांगत आले की बंदुकीशी सावध राहा. लायलएवढा सावध माणूस मी पाहिला नाही. तू खोटी नाहीस. तुम्ही दोघंही खरे आहात, आणि दोघंही बिनडोक आहात, सात महिने बोलला नाहीत ते."

मारेनला हसू आलं, रडताना येतं तसं. तिने ते टोकदार काडतूस उचललं आणि शर्टाच्या खिशात टाकून खिशाचं बटण लावलं. "डगला देते. त्याचं आहे."

गस दारात कॉफीचे तीन कप घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. "डेलबर्टचा ताप उतरला का?" त्याने विचारलं.

"उतरतोय," आर्लिस म्हणाली. "पण हिच्याकडे काडतुसं नाहीत. आणि माझी मी देणार नाही."

"मी मागतही नाही," मारेन म्हणाली. "शिकव."

मग आठवडाभर, बसची फेरी संपली की मारेन आर्लिसच्या शेडमध्ये. बापाच्या पुंगळ्या, बापाच्या चपट्या नाकाच्या जड गोळ्या. चिरलेल्या पुंगळ्या फेकून दिल्या, जुन्या टिकल्या पाडल्या, नव्या बसवल्या. आर्लिस दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालून मागे उभी. तिचा हात लागला असता तर काडतूस तिचं झालं असतं, आणि मग मारेनला ते झाडता आलं नसतं. हात खिशात होते, तोंड मोकळं होतं.

"दारू किती घालू?"

"पुस्तक कशाला छापलंय? वाच. खालच्या आकड्यापासून सुरू कर. आणि तो काटा आधी शून्यावर आण, तुझ्या मनासारखं वजन दाखवायला तो काय तुझा मामा आहे?"

मारेनने वेगवेगळ्या मापाची थोडी थोडी काडतुसं भरली आणि दोघी कुरणात गेल्या. कुंपणाला जेवणाच्या कागदी थाळ्या टांगल्या. सगळ्यात जोरकस मापाच्या गोळ्या थाळीभर विखुरल्या, एक तर थाळी सोडून खांबात घुसली. मारेन म्हणाली, "पण मारा काय जबरदस्त आहे!"

"खांबाला विचार, त्याला आवडला असेल. जोर बघून निवडायचं नसतं गं. रायफलीला काय मानवतं ते बघायचं. ती बघ मधली थाळी."

मधल्या थाळीत तीन भोकं अशी चिकटून पडली होती की वरून बशी ठेवली तर झाकली जातील. माप मवाळ होतं. लिव्हर मारली की काडतूस लोण्यासारखं आत जात होतं आणि पुंगळी टणकन बाहेर पडत होती. मारेनने तेच निवडलं. आर्लिसला ते लायलचंच जुनं माप असल्याचं ठाऊक होतं. आयुष्यभर ती त्या मापाला शेळपट म्हणत आली होती. आताही तिने ते कबूल केलं नाही. फक्त म्हणाली, "चालेल."

शेवटचं काडतूस भरून झालं तेव्हा मारेनने डबा बंद केला, वर पट्टी चिकटवली आणि दोन्ही टोकं दुमडली.

"आर्लिस, तुझं कोण बघणार? तू गेल्यावर?"

"तू. हातोडा कुठे असतो ते आता माहीत झालंय तुला."

"आणि त्याआधी? हात चालेनासा झाला, डोकं निसटायला लागलं, तर सांगशील मला?"

"छे! मी कशाला सांगते? लायलने सांगितलं? मीही मरेपर्यंत कबूल करणार नाही, वर तुझ्याशीच भांडेन." आर्लिसने एप्रनच्या खिशातून हात काढले आणि शेडच्या दारातून बाहेर, आपल्या ओसरीपुढच्या विरळ, फिकट गवताकडे बोट दाखवलं. "तू माझं गवत बघत जा."

शनिवारी पहाटे डेलबर्टला न्यायला मारेन आली तेव्हा तिच्या गाडीत शेजारी डग बसलेला होता. दोघं फारसं बोलत नव्हते, पण एकाच थर्मासमधून कॉफी पीत होते. संध्याकाळी डेलबर्ट मांसाने लादून खाली आला. आर्लिसच्या दारात एल्कच्या पाठीचा मऊ तुकडा कापडात गुंडाळून ठेवलेला होता, आणि शेजारी एक झाडलेली पुंगळी. एकच. तिने ती खिडकीत ठेवली.

हिवाळा गेला, बर्फ वितळलं, मे महिना आला. शाळेची पिवळी बस रोज सकाळी स्टेनरुडांच्या फाटकापाशी थांबते. तिथे चढणारं एकही पोर नाही. मागची पोरं कुरकुरतात, कुणी विचारतं, इथे कशाला थांबायचं. मारेन खिडकीची काच खाली करते आणि ओसरीपासून पंपापर्यंत सगळ्या अंगणावरून नीट नजर फिरवते.

ओसरीतून आवाज येतो, शेजारच्या कुरणातल्या गाई माना वर करतील असा.

"फिकटच आहे गं! सगळ्यांसारखंच! जा आता, पोरांना उशीर होतोय!"

मारेन हॉर्न वाजवते आणि गाडी पुढे काढते.